दुसऱ्याने भरलेली काडतुसे

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा वापरता येते. तिच्यात नवा प्रायमर (बुडात बसणारी, ठोका बसताच पेट घेऊन दारू पेटवणारी छोटी टोपी), मोजून घेतलेली धूररहित दारू आणि नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार होते. अनेक नेमबाज हे काम घरी स्वतः करतात. स्वस्त पडते म्हणून कोणी करतो, तर कोणी आपल्याच बंदुकीला मानवेल अशी भरणी साधण्यासाठी. अशी काडतुसे वारसाहक्काने, जुन्या बंदुकीबरोबर किंवा कोणी हौशीने दिली म्हणून दुसऱ्याच्या हाती येतात, तेव्हा त्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. अनुभवी मंडळींचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते: झाडू नयेत, सोडवून टाकावीत, म्हणजे त्यांचे भाग सुटे करावेत. भरणारा माणूस काळजीपूर्वक काम करणारा होता, एवढ्याने हे उत्तर बदलत नाही.

याचे कारण काडतुसाच्या पोटात आहे. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम. .38 स्पेशल हे पिस्तुली काडतूस जास्त जागा घेणाऱ्या जुन्या काळ्या दारूच्या काळात बेतलेले असल्याने त्याची पुंगळी ऐसपैस आहे. निशाणेबाजीच्या हलक्या भरणीत जलद जळणारी दारू जेमतेम 3 ग्रेन लागते. चुकून ती दोनदा पडली तरी पुंगळी ओसंडत नाही, गोळी नेहमीसारखीच बसते आणि बाहेरून काहीच कळत नाही. उलट दारू पडलीच नाही, तर एकटा प्रायमर गोळीला नळीत अर्ध्यावर नेऊन अडकवतो. आवाज दबका आला हे लक्षात न घेता पुढची गोळी झाडली, तर नळी फुगते किंवा फुटते.

मग काडतूस तराजूवर घालून का पाहू नये? हा उपाय सर्वांना सुचतो, पण पिस्तुली काडतुसांत तो फसतो. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या वजनात काही ग्रेनचा फरक सहज असतो, ओतीव शिशाच्या गोळ्याही तंतोतंत सारख्या नसतात. तीन ग्रेनची चूक त्या फरकात लपून जाते. रायफलीच्या काडतुसात पन्नास ग्रेन दारू अजिबात नसेल तर वजन ते सांगेल. दारू कोणती आहे हे मात्र कधीच सांगणार नाही.

डब्यावर चिठ्ठी असली की धीर येतो. चांगल्या चिठ्ठीवर दारूचे नाव व वजन, गोळीचे वजन, प्रायमर, काडतुसाची एकूण लांबी आणि तारीख असते. तरीही ती वाचताना डोके जागेवर हवे. नुसते '4831' लिहिलेले असेल तर ती दारू हॉजडन या नावाने विकली जाणारी की आयएमआर या नावाची? आकडा एक, पण दोन्हींचा जळण्याचा वेग वेगळा आणि एकीचे भरणीचे कोष्टक दुसरीला लावता येत नाही. दुसरी अडचण बंदुकीची. .45 कोल्ट हे 1873 सालचे काडतूस. अमेरिकी उत्पादकांच्या 'सामी' या संस्थेने त्याची दाबमर्यादा 14,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवली आहे. आधुनिक भक्कम रिव्हॉल्व्हरसाठी काही जण याच्या दुप्पट दाबाची भरणी करतात. तेच काडतूस जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्येही बिनदिक्कत बसते. म्हणजे चिठ्ठी शंभर टक्के खरी असली तरी ती दुसऱ्याच बंदुकीबद्दल बोलत असू शकते.

कारखान्याच्या खोक्यातील काडतुसे कारखान्याचीच असतील असेही नाही, कारण रिकामी खोकी फेकवत नाहीत. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का ती पुंगळी कोणी बनवली एवढेच सांगतो. एकाच खोक्यात निरनिराळे शिक्के, पितळेवर पुन्हा भरताना साच्यातून काढल्याचे उभे ओरखडे, बोटांनी फिरणारी गोळी, प्रायमरचे रंग वेगवेगळे, यांपैकी काही दिसले की संशय पक्का समजावा.

सोडवण्यासाठी पोकळ डोक्याचा प्लास्टिकचा हातोडा मिळतो. त्यात काडतूस अडकवून कठीण पृष्ठावर आपटले की जडत्वाने गोळी व दारू निसटून पुढच्या पोकळीत पडतात. काडतुसे भरण्याच्या हातयंत्रावर (प्रेसवर) बसणारा चिमटाही असतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. हे काम फक्त मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसांचे; .22 सारख्या काठावर पेट घेणाऱ्या काडतुसाला हातोडा लावायचा नाही. रंगवलेल्या टोकाच्या लष्करी गोळ्याही बाजूला ठेवाव्यात, त्या प्रकाशमार्गी (जाताना उजेडाची रेघ सोडणाऱ्या) किंवा आग लावणाऱ्या असू शकतात.

हाती आलेल्या मालापैकी गोळ्या तोलून वापरता येतात. पुंगळ्या आतून-बाहेरून तपासाव्या लागतात. बुडाच्या जरा वर चकचकीत कडे दिसले तर पितळ तिथे ताणले गेले आहे आणि ती पुंगळी भंगारात जाते. प्रायमर जिवंतच असतो. तेल किंवा पाणी घातल्याने तो खात्रीने मरत नाही. दारूचा मोह मात्र सोडावा. रंग, दाणा, वास यांवरून दारू ओळखणे निव्वळ अंदाज असतो आणि ती दुसऱ्या डब्यात मिसळणे याहून वाईट. आंबट तिखट वास किंवा तांबूस धूळ दिसली तर ती कुजू लागली आहे. अशी दारू साठवू नये. उघड्यावर, वस्तीपासून दूर, एका इंचाहून कमी जाडीच्या छोट्या थरांत जाळण्याची पद्धत 'सामी'नेही सांगितली आहे. बंद भांड्यात कधीच नाही. कचऱ्यात टाकणे किंवा पुरणे म्हणजे धोका पुढच्या माणसाच्या हाती देणे. ज्याच्याकडे साधने नाहीत किंवा कायद्याने काडतुसे बाळगण्याची मुभा नाही, त्याने ती न हलवता पोलिसांना कळवावे आणि न्यायची कशी ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.