अर्धवट चालणारं इंजिन आणि मागे वळण्याचा मोह

१५ डिसेंबर १९१२ रोजी ब्रिटिश नौदलातला वैमानिक विल्फ्रेड पार्क हँडली पेज मोनोप्लेन घेऊन हेंडनहून ऑक्सफर्डला निघाला. इंजिन पुरती ताकद देत नव्हतं. वेम्बलीजवळ विमान कोसळलं. पार्क आणि त्याचा सहप्रवासी, दोघेही गेले. त्याच ऑगस्टमध्ये गिरक्या घेत खाली येणारं विमान सावरून तो सुखरूप उतरला होता. असा कसलेला माणूस या अपघातात जावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उड्डाणानंतर लगेच इंजिन दगा देतं, तेव्हा धावपट्टी पाठीमागेच असते आणि तिकडे वळावंसं वाटतं. पण नुसतं १८० अंश वळून भागत नाही. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी आणखी वळावं लागतं. उंची राखून ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो वेग) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. त्यात वारा पाठीमागून आला की जमीन भराभर सरकताना दिसते आणि विमानाला भरपूर वेग आहे असं वाटतं. जमीन जवळ येते म्हणून वैमानिक नाक वर ओढतो. विमान स्टॉल होऊन एका पंखावर कोसळतं आणि सावरायला उंची उरलेली नसते.

इंजिन पूर्ण बंद पडलं तर निदान निर्णय सोपा असतो. अर्धवट चाललं तर आशा सुटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा ब्युरोने २००० ते २०१० या काळातल्या एकइंजिनी विमानांच्या नोंदी तपासल्या. उड्डाणानंतर ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटनांपैकी नऊ प्राणघातक ठरल्या. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५ घटनांत मात्र एकही नाही. कारणं अनेकदा साधी असतात: खराब स्पार्क प्लग, इंधनात पाणी, कार्ब्युरेटरमध्ये साचलेला बर्फ. हवा दमट असेल तर हा बर्फ उबदार दिवशीही धरतो.

वैमानिकाचा निर्णय ही शिकवण्याची गोष्ट आहे, हे उशिरा मान्य झालं. १९७७च्या एका अमेरिकी अभ्यासात १९७०-७४मधल्या वैमानिकांच्या चुकीमुळे झालेल्या प्राणघातक अपघातांपैकी निम्म्याहून अधिक निर्णयातल्या चुकांचे निघाले. १९९१मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, त्यावर मार्गदर्शक परिपत्रक काढलं. मागे वळणं केव्हा आणि कसं सुरक्षित, हे प्रशिक्षकांनी दाखवावं असंही २०१८मध्ये सुचवलं. आता अनेक वैमानिक थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे ढकलण्याआधीच मोठ्याने म्हणतात: एवढ्या उंचीखाली इंजिन गेलं, तर नाक खाली आणि सरळ समोर.