एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार)

एमजीबी : ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार. बंद छपराची जीटी आणि मोठ्या इंजिनांचे उपप्रकार धरून अशा ५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगायची हौस असलेला माणूस ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत बहुधा हिच्यापासूनच सुरुवात करतो. जॅग्वार ई-टाइप तिच्याहून देखणी, लोटस एलान तिच्याहून चपळ, ऑस्टिन-हीली ३००० तिच्याहून रुबाबदार. मात्र पन्नास-साठ वर्षांची गाडी घरच्या शेडमध्ये साध्या पान्यांनी दुरुस्त करून रस्त्यावर चालती ठेवायची असेल, तर एमजीबीइतकी सोयीची गाडी सापडणे कठीण. त्यामुळे या नोंदीत तिच्या इतिहासापेक्षा ती सांभाळण्याला आणि चालवण्याला अधिक जागा दिली आहे.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधील या विक्री-दुरुस्ती केंद्राचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर देखणे, हलके सांगाडे चढवून विकायला सुरुवात केली. १९२९ मध्ये हे काम ॲबिंग्डनला हलले आणि पुढची पन्नास वर्षे तिथेच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर टी-मालिकेतील गाड्यांनी, विशेषतः टीसी आणि टीडी यांनी, अमेरिकन ग्राहकाला छोट्या ब्रिटिश गाडीची चटक लावली. १९५५ मध्ये आलेल्या गुळगुळीत अंगाच्या एमजीएने लाखाचा आकडा ओलांडला. एमजीबी तिची वारसदार. मुख्य अभियंता सिड एनेव्हर, रेखाटने डॉन हेटर यांची, आणि कारखान्याचा कारभार जॉन थॉर्नली यांच्याकडे.

एमजीएला वेगळी चेसिस होती. एमजीबीत ती काढून टाकली आणि पत्र्याच्या सांगाड्यानेच सगळा भार पेलावा अशी रचना केली. यामुळे गाडी आखूड असूनही आत ऐसपैस झाली. दाराखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, म्हणजे सिल, हा मात्र तिचा कणा ठरला. गाडीच्या आजच्या मालकाची निम्मी चिंता याच सिलभोवती फिरते. बाकीची यंत्रणा त्या काळच्या मानानेही जुन्या वळणाची : १,७९८ घन सेंमी.चे चार सिलिंडरांचे पुशरॉड इंजिन (व्हॉल्व्ह दांड्यांनी उघडणारे), एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग), सुमारे ९५ अश्वशक्ती, चार गिअर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, आणि मागच्या सरळ आसाला पाट्यांचे स्प्रिंग. वरचा वेग ताशी १०० मैलांच्या थोडा वर. यातले जवळपास सगळे सुटे भाग कंपनीच्या साध्या कौटुंबिक गाड्यांतून उचललेले होते. तेव्हा टीकाकारांनी याबद्दल नाके मुरडली. आज सुटे भाग सहज मिळतात ते त्याच काटकसरीमुळे.

उपप्रकार बरेच आहेत, पण विकत घेणाऱ्याला त्यातले थोडेच ठाऊक असले तरी पुरते. १९६४च्या अखेरीपासून इंजिनात तीनऐवजी पाच मुख्य बेअरिंग आली आणि इंजिन जास्त टिकाऊ झाले. १९६५ मध्ये पिनिनफारिना या इटालियन कंपनीच्या हातभाराने बनलेली, मागे वर उघडणाऱ्या दाराची जीटी आली. अनेकांच्या मते, आणि प्रस्तुत लेखकाच्याही, सगळ्यात सुबक एमजीबी हीच. १९६७ मध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (करकर न होता गिअर पडू देणारी सोय) मिळाला, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि विजेची जोडणी पॉझिटिव्ह अर्थवरून (म्हणजे गाडीच्या पत्र्याला बॅटरीचे धन टोक जोडण्यावरून) निगेटिव्हवर गेली. सहा सिलिंडरांची एमजीसी (१९६७-६९) नाकाने जड निघाली. रोव्हरचे ३.५ लिटरचे इंजिन घातलेली जीटी व्ही८ (१९७३-७६) गुणी होती, पण ती फार थोडी विकली गेली. १९७४च्या उत्तरार्धात अमेरिकेतील सुरक्षा नियमांसाठी क्रोमचे बंपर काढून काळे, जाड रबरी बंपर लावले आणि दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून गाडी दीडेक इंच उंच केली. गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली. आजही बाजारात क्रोमवाल्या गाडीला रबरवालीपेक्षा जास्त भाव येतो. दुसरीकडे, हौशी मंडळी रबरवाल्या गाड्यांना क्रोमचे बंपर लावून त्या खाली बसवून घेतात.

चालवण्याचा अनुभव. बसताना पाय आधी आत, मग अंग खाली सोडायचे. आसन रस्त्यापासून वीतभर उंच वाटते. चोक ओढायचा, चावी फिरवायची आणि लगेच सेल्फ मारायचा नाही. मागच्या उजव्या चाकाजवळ बसवलेला एसयूचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप आधी टकटक करतो. ती टकटक मंदावून थांबली की कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या असे समजावे. थांबलीच नाही तर टाकी रिकामी आहे किंवा कुठे गळती आहे. ऐकूच आली नाही तर पंपाचे पॉइंट, म्हणजे आतले विजेचे संपर्क, चिकटलेत. जुने मालक अशा वेळी उतरून पंपाला पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

इंजिन गरम होईस्तोवर घाई करू नये. ऑइल प्रेशरचा काटा चालत्या गाडीत ५०-६० पौंडांच्या आसपास राहिला की चालक निश्चिंत. तो काटा पाहायची सवय इतकी लागते की आधुनिक गाडीत तो नसल्याने चुकल्यासारखे होते. गिअरचा दांडा आखूड, मनगटाच्या हालचालीने पडणारा. स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही, त्यामुळे गाडी पार्क करताना दंडाला व्यायाम होतो. वेग घेतल्यावर मात्र रस्त्यातला प्रत्येक खडा हाताला कळतो. १९६७ पूर्वीच्या गाडीत पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावा, नाहीतर करकर ऐकून शेजारचे वळून बघतात.

या गाडीचा खरा आनंद ताशी ४० ते ६० मैलांच्या टप्प्यात, अरुंद वळणावळणांच्या गावरस्त्यावर आहे. महामार्गावर ती दमते. ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडयंत्रणा) नसलेल्या गाडीत ताशी ७० मैलांना इंजिन सुमारे ३,९०० फेरे घेते, आणि वाऱ्याच्या व इंजिनाच्या आवाजात शेजाऱ्याशी बोलणे अशक्य होते. लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह असेल तर बटण दाबताच फेरे ३,१००च्या आसपास उतरतात. म्हणून जुनी एमजीबी घेताना रंग किंवा साल यांच्याआधी ‘ओव्हरड्राइव्ह आहे का आणि तो लागतो का’ हे विचारावे.

पावसात टप चढवणे हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. टप चढेपर्यंत सर थांबलेली असते, आणि चढल्यावरही समोरच्या काचेच्या कोपऱ्यातून थेंब गुडघ्यावर पडतोच. इंग्लंडच्या हवेत उघडी गाडी चालवणारे लोक याबद्दल तक्रार करत नाहीत. हीटर पायांवर सोडून, मफलर गुंडाळून ऐन डिसेंबरातही टप खाली ठेवून फिरतात.

गंज. एमजीबीचे इंजिन कितीही थकलेले असले तरी परवडते. पत्रा गेला की खिसा जातो. हिवाळ्यात ब्रिटनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, आणि ते चिखलासोबत पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या मागच्या कोपऱ्यात साठते. तिथून गंज सिलमध्ये उतरतो. सिल तीन पदरी असते. बाहेरचा पदर नवा दिसला म्हणून भुलू नये. कुजलेल्या पदरांवर नवा पत्रा झाळून, वर पुट्टी फासून रंग मारलेल्या गाड्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या आहेत. परीक्षा सोपी आहे. गाडी बाजूच्या ठरलेल्या जागी जॅकवर उचलावी आणि दार उघडून लावून पाहावे. दाराची फट बदलली किंवा दार अडकले, तर कणा मोडला आहे. दुसरी खूण दाराच्या पत्र्यावर, छोट्या त्रिकोणी काचेखाली पडणारी उभी चीर. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक खिशात ठेवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

सांगाडा अगदीच गेला असेल तर नवा मिळतो, ही या गाडीची सर्वांत आश्चर्यकारक बाब. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे शोधून काढले आणि १९८८ पासून एमजीबीचे कोरे सांगाडे पुन्हा बनवायला घेतले. या सांगाड्यांमुळेच रोव्हर कंपनीला १९९०च्या दशकात एमजी आरव्ही८ ही गाडी काढायचे सुचले. सुमारे २,००० बनल्या, त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या.

वीज आणि कार्ब्युरेटर. ब्रिटिश गाड्यांच्या विजेच्या वस्तू बर्मिंगहॅमच्या ल्युकस कंपनीच्या. तिच्या नावाने इतके विनोद झाले की संस्थापक जोसेफ ल्युकस यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी कायमची चिकटली. दोष बहुतेक वेळा त्या वस्तूंचा नसून जोडांचा असतो. वायरींच्या टोकांना गोळीच्या आकाराचे जोड असतात. ते ओलाव्याने काळे पडतात, बॉडीला घेतलेला अर्थ गंजतो आणि मग इंडिकेटर लावला की टेल लाइट मिचमिचतो. प्रत्येक जोड सोडवून, घासून, ग्रीस लावून परत बसवला तर एका शनिवार-रविवारात बरेच भूत उतरते. वायरींचे रंग पाठ असले की शोध सोपा : तपकिरी कायम जिवंत, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत आसनांच्या मागे, जमिनीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. नजरेआड असल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि गाडी नेमकी सहलीच्या दिवशी रुसते.

दोन एसयू कार्ब्युरेटरांचा मेळ घालणे ही ऐकण्याची विद्या आहे. एअर फिल्टर काढून रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे आणि दोन्हीकडची हवेची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग कार्ब्युरेटरच्या पिस्टनखालची छोटी पिन बोटाने किंचित उचलायची. इंजिनाचे फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन बसू लागले तर कमी, आणि क्षणभर वाढून पूर्ववत झाले तर बरोबर. कार्ब्युरेटरवरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे त्या पिस्टनला आवर घालणाऱ्या नळीत, पातळ तेल आहे की नाही हे पाहायला लोक विसरतात, आणि गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळते म्हणून भलतीच दुरुस्ती करत बसतात.

याखेरीज पुढच्या किंगपिनांना (चाके ज्यांवर वळतात त्या खुंट्यांना) ग्रीसगनने वेळेवर ग्रीस, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेची) फट १५ हजारांश इंच, जाडसर २०डब्ल्यू-५० तेल, आणि तारांची चाके असतील तर हबवरच्या दात्यांची तपासणी. गाडी रिव्हर्स घेताना चाकातून ‘टक्’ ऐकू आले तर दाते झिजले. जमिनीवर तेलाचे दोनचार डाग पडणारच. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतेच, तेल परत आत ढकलणाऱ्या पेचदार खाचेवर काम भागवले होते.

नियम आणि इंधन. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला रस्ता कर नाही, आणि मोठे बदल केलेले नसतील तर २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीही (गाडी रस्त्यावर चालण्यास सुरक्षित आहे का याची) सक्तीची नाही. म्हणजे आज सगळ्या एमजीबींना ही सवलत मिळू शकते. तपासणी तरीही करून घ्यावी. ब्रेकच्या जुन्या होजला सवलतीचे काही देणेघेणे नसते. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाल्यावर कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घेणे आले. २०२१ पासून तिथे साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते जुने रबरी पाइप खाते. म्हणून मालक पाइप बदलतात किंवा महागडे ५ टक्क्यांचे पेट्रोल भरतात.

भारताशी नाते. एमजीबी भारतात क्वचितच आली. परदेशी गाड्यांची आयात त्याआधीच जवळपास थांबली होती. मुंबईतल्या विंटेज रॅलीत जी एमजी दिसते ती बहुधा टी-मालिकेतली. तरीही तिच्या इंजिनाचे घराणे महाराष्ट्रातल्या मेकॅनिकांना परके नाही. एमजीए आणि एमजीबीत बसलेले बी-सीरिज इंजिन आपल्या ॲम्बॅसडरच्या १,४८९ घन सेंमी. इंजिनाचे भावंड. ॲम्बॅसडरची टॅपेट आणि एसयू कार्ब्युरेटर ज्याने उघडून बसवले, त्याला एमजीबीच्या बॉनेटखाली फारसे काही नवे दिसणार नाही. 

एमजी हे नाव नंतर चीनच्या एसएआयसीकडे गेले. २०१९ पासून गुजरातेत हालोलला या नावाने बनणाऱ्या एसयूव्हींचा ॲबिंग्डनशी बिल्ल्यापलीकडे संबंध नाही. भारतात ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची सोय आहे. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणे अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. तिने रोज कचेरीत जाता येत नाही.