फाटकापासून हौदापर्यंत : जमिनीखालची नळाची लाइन बदलताना

नळाला पूर्वीसारखा जोर नाही, सकाळची पहिली बादली तांबूस येते, किंवा फाटकाजवळची जमीन ऐन मे महिन्यातही ओलसर असते. यातलं काहीही दिसलं तर आधी मीटर बघा. नळाला पाणी आलेलं असतानाच हौदावरचा कॉक आणि थेट लाइनवरचे सगळे नळ बंद करा. तरीही मीटरमधली छोटी चकती फिरत असेल, तर मीटरच्या पुढे पाणी जमिनीत मुरतंय आणि बिल तुम्ही भरताय.

जुन्या बंगल्यांत ही लाइन बहुधा जीआयची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची असते. जस्ताचा थर गेला की लोखंड आतून गंजतं, गंजाच्या गाठी धरतात आणि अर्ध्या इंची पाइपात शेवटी पेन्सिलही जात नाही. गळती मात्र सहसा आट्यांपाशी सुरू होते, कारण आटे पाडलेल्या जागी पाइपची जाडी कमी झालेली असते. त्यातून काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सगळा ताण जोडांवर येतो.

पहिल्या गळतीला रबर लावून क्लॅम्प मारणं ठीक आहे. उगाच खर्चात पाडायची आमची इच्छा नाही. दुसऱ्यांदा गळली, तर पूर्ण लाइन बदला. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं. बाकी वेळ पाइप रिकामा असतो आणि आजूबाजूचं घाण पाणी त्याच भोकातून आत शिरू शकतं. जवळून ड्रेनेज जात असेल तर थांबूच नका.

नवी लाइन आम्ही निळ्या एमडीपीई (एक प्रकारचं लवचिक प्लास्टिक) पाइपची टाकतो. हा पाइप गुंडाळीत मिळतो, त्यामुळे मीटरपासून हौदापर्यंत जमिनीत एकही जोड येत नाही. घरातल्या लाइनला सीपीव्हीसी हा कडक प्लास्टिकचा पाइप उत्तम, पण त्याच्या लांब्या जोडत न्याव्या लागतात, म्हणून जमिनीखाली आम्ही तो टाळतो. पाइपवर आयएसआयचा छाप आहे ना, ते स्वतः वाचून घ्या.

चर साधारण दोन फूट खोल, तळाला वाळू किंवा चाळलेली माती. खडी-डबर थेट पाइपवर टाकू देऊ नका. ड्रेनेज ओलांडायची वेळ आलीच, तर पाण्याची लाइन वरून जाते. गाडी जाते तिथे पाइप जाड लोखंडी नळीतून नेतो. चर बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट होते. त्या वेळी घरातलं कोणीतरी समोर हवं. भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजून फोटो काढून ठेवा, पुढे झाड लावताना किंवा फरशी बसवताना उपयोगी पडतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग कधी कधी याच लोखंडी पाइपला दिलेलं असतं. प्लास्टिकचा पाइप आला की ते अर्थिंग गेलं! काम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

रस्त्याकडची बाजू आणि फेरूल (पालिकेच्या मुख्य पाइपवरचा तुमच्या नळाचा जोड) यांना पालिकेच्या परवानगीशिवाय आम्ही हात लावत नाही. नळाच्या लाइनला थेट मोटारही जोडून देत नाही, कृपया आग्रह करू नये.

दर फुटावर आहे. खडक फोडणं आणि पेव्हर ब्लॉक परत बसवणं वेगळं, ते जागा बघूनच लिहून देतो. काम झाल्यावर पहिलं पाणी हौदात घेऊ नका. स्वच्छ येईपर्यंत बागेला सोडा.