इंग्रजी सर्वनामं (मराठी बोलणाऱ्यांच्या वापरात)

'सर्वनाम' ही संज्ञा पाणिनीकडेही आहे, पण शाळेत आपण जी मांडणी शिकतो ती बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या साच्यातली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली मुंबईत छापलं गेलं तेव्हापासून रुळलेली. इंग्रजी नामांची विभक्ती जवळपास झडली, सर्वनामांत मात्र टिकली: आय-मी, ही-हिम, दे-देम. म्हणून 'बिट्वीन यू अँड मी' बरोबर, तिथे 'आय' चालत नाही.

सगळ्यात जास्त वाद 'दे'च्या उगमावर आहे. जुन्या इंग्रजीत 'तो', 'ती', 'ते लोक' हे तिन्ही शब्द ह-ने सुरू व्हायचे आणि पुढे उच्चारात एकमेकांत मिसळायला लागले, त्यामुळे वेगळ्या शब्दाची गरज पडली असावी. बहुतेक अभ्यासक 'दे' नॉर्समधून, म्हणजे इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आला असं धरतात, अलीकडे काही जण जुन्या इंग्रजीतल्याच दर्शक सर्वनामाकडे बोट दाखवतात. नॉर्स बाजू जास्त पटते, कारण हा शब्द आधी उत्तरेकडे, नॉर्स वस्तीच्या भागात दिसतो आणि मग हळूहळू दक्षिणेला सरकतो. १४व्या शतकाच्या शेवटी इंग्रजी कवी चॉसर 'दे' लिहितो पण 'देम'च्या जागी अजून 'हेम'च. आज बोलताना ऐकू येणारं 'टेल एम' हे त्याच 'हेम'चं उरलेलं रूप, 'देम' तोडून झालेलं नाही.

मुंबईतल्या ऑफिसात फोनवर सर्रास ऐकू येतं, 'सर हॅज कम, दे आर इन मीटिंग'. डोक्यात 'साहेब आलेत, ते मीटिंगमध्ये आहेत' असतं आणि आदरार्थी 'ते' तसंच्या तसं 'दे' होऊन बाहेर पडतं. इथे 'ही' हवं, त्याने साहेबांचा अपमान होत नाही, आदर 'सर'मध्ये आलाच. क्लासमध्ये हे पटवायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

'आपला' आणि 'त्याचा' हा फरकही इंग्रजीत नाही. 'अमितने समीरला आपली बॅग दिली' म्हटलं की बॅग अमितची, 'त्याची बॅग दिली' म्हटलं की बहुधा समीरची, इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज', मग नाव परत घ्यावं नाहीतर 'हिज ओन' म्हणावं. आपण-आम्हीचंही तेच, दोन्ही 'वी'.

माणूस कोण ते माहीत नसेल तर एकट्यासाठीही 'दे' चालतं, 'समवन लेफ्ट देअर अंब्रेला', हा वापर १४व्या शतकापासूनचा आहे. ज्यांना 'ही' किंवा 'शी' लागू होत नाही अशा व्यक्तींसाठीही आता हेच वापरतात. क्रियापद 'आर'च राहतं, जसं एकट्या माणसाला 'यू आर' म्हणतात तसंच.