घाणेरी काढण्याआधी लोकांना काय विचारायचं?

अंबाझरी तलावावर जलपर्णी पसरली की नागपुरात मतभेद उरत नाहीत. काढा आणि लवकर काढा, एवढंच सगळे म्हणतात. पण एखाद्या लेआउटमधल्या मोकळ्या जागेवरची सुबाभूळ तोडायची म्हटली, तर तेच नागरिक झाडं वाचवायला पुढे येतात. दोन्ही वनस्पती अमेरिका खंडातून आलेल्या, दोन्ही भराभर वाढून इतरांची जागा बळकावणाऱ्या. फरक इतकाच की एक डोळ्यांना खुपते आणि दुसरी सावली देते. घाणेरीसारख्या आक्रमक परक्या प्रजातींबद्दलचं जनमत असं प्रजातीनुसार बदलतं, आणि उपायानुसार तर त्याहून जास्त. म्हणून ‘नियंत्रणाला तुमचा पाठिंबा आहे का?’ हा प्रश्न पुरत नाही. काय, कुठून, कशानं आणि कोणत्या महिन्यात काढणार, रिकाम्या जागी काय येणार, हे सांगितल्याशिवाय मिळालेलं उत्तर कामाचं नसतं.

परकं ते सगळं वाईट, असंही नाही. विदर्भात पिकणारा बहुतेक कापूस मूळचा मेक्सिकोकडचा, सोयाबीन चीनकडचं, आणि भिवापूरची मिरचीसुद्धा अमेरिका खंडातूनच आलेली. जैवविविधतेवरच्या ‘आयपीबीईएस’ या आंतरराष्ट्रीय मंचाच्या 2023 च्या अहवालानुसार माणसानं इकडून तिकडे नेलेल्या 37,000 हून अधिक प्रजातींची जगात नोंद आहे, आणि त्यांतल्या सुमारे 3,500 घातक ठरल्या आहेत. म्हणजे साधारण दहात एक. तेव्हा ‘विदेशी आहे म्हणून उपटा’ हा प्रचार शास्त्रालाही धरून नाही आणि शेतकऱ्यालाही पटत नाही. त्याला धुऱ्यावरच्या गाजर गवताची फांदी उलटून दाखवावी. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण तिथंच पोसला जातो: खोडाला चिकटलेला पांढरा मेणचट थर आणि त्याच्यापर्यंत गेलेली मुंग्यांची रांग. हंगाम संपला, पऱ्हाटी निघाली, तरी कीड या गवतावर टिकून राहते आणि पुढच्या वर्षी शेतात उतरते. तण उपटण्याचं हे कारण कळायला कोणतंही घोषवाक्य लागत नाही.

आधी न बोलता काम सुरू केलं तर काय होतं, हे इटलीत दिसलं. तुरीन शहराजवळ 1948 साली अमेरिकेतल्या करड्या खारी सोडल्या गेल्या होत्या. स्थानिक तांबड्या खारी मागे हटू लागल्या, तेव्हा 1997 मध्ये करड्या खारी पकडून मारण्याचा प्रयोग हाती घेतला गेला. प्राणिहक्क संघटना न्यायालयात गेल्या, काम थांबलं आणि अधिकाऱ्यांवर खटला चालला. 2000 साली ते निर्दोष सुटले खरे, पण तोवर खारी इतक्या पसरल्या होत्या की समूळ उच्चाटन आवाक्याबाहेर गेलं. अशा कामात तीन वर्षं फार मोठी असतात.

अनेक देशांतल्या पाहण्यांमधून साधारण एकच चित्र दिसतं. परक्या प्रजाती देशात येऊच नयेत यासाठीच्या तपासणीला लोक सहज होकार देतात, तण हातानं उपटण्यालाही देतात. तणनाशक म्हटलं की कचरतात. केसाळ, मोठ्या डोळ्यांचा प्राणी मारायचा म्हटलं की विरोध सर्वांत तीव्र होतो. लोकांना काही कळत नाही असा याचा अर्थ काढू नये. विष पाण्यात उतरेल का, जनावराला किती वेदना होतील, हे प्रश्न रास्तच आहेत आणि त्यांची उत्तरं योजनेतच असायला हवीत.

भीतीचं निरसन वेळेत झालं नाही तर चांगला उपायही अडतो. गाजर गवताची भारतातली नोंद पुण्यात 1955 ची. ते खाणारा मेक्सिकन भुंगा 1984 मध्ये बंगळुरात सोडला गेला. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि पीक खाणारी कीड सरकारनंच आणली, अशी ओरड झाली. तपासणीत दिसलं की सूर्यफुलावर त्याचं जीवनचक्र पूर्ण होत नाही. तरी भुंगे सोडण्याचं काम रेंगाळलं. आजही पांढुरक्या पाठीवर काळसर उभे पट्टे असलेला हा भुंगा ओळखता न आल्यामुळे कुणी त्याच्यावरच कीटकनाशक मारतं. तो पावसाळ्यात खातो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत सुप्त राहतो. म्हणून एप्रिलमध्ये तो दिसला नाही तर प्रयोग फसला असं समजू नये. त्याच्या जोडीला तरोटा, म्हणजे टाकळा, आहेच. पावसाळ्यानंतर त्याचं बी गोळा करून पुढच्या पावसाआधी पडीत जागेवर फेकलं, की दाट तरोट्यात गाजर गवताला डोकं वर काढायला जागा मिळत नाही.

आता घाणेरी, म्हणजेच टणटणी. देशातल्या वाघांच्या अधिवासातला सुमारे 40 टक्के भाग तिनं व्यापल्याचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ती काढायची म्हटली की लोकांना जेसीबी हवा असतो, कारण एका दिवसात मैदान साफ दिसतं. पण यंत्रानं माती उलथते, पुरलेलं बी वर येतं आणि तुटलेल्या बुडख्यातून नवे फुटवे निघतात. पेटवून दिली तरी बुडातून पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटानं विकसित केलेली पद्धत दिसायला साधी आहे. खोड आणि मूळ जिथं मिळतात त्या जाड भागातूनच नवे फुटवे येतात, म्हणून जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, त्या भागाच्या खाली, कुदळीनं मुख्य मूळ तोडायचं. मग सगळं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, बुडखा आकाशाकडे, म्हणजे त्याला मातीचा स्पर्श राहत नाही आणि ते वाळतं. हे फळं पिकण्याआधी करायचं. नंतर दोन-तीन वर्षं मोठ्या झाडांखाली फेऱ्या मारायच्या, कारण फळं खाऊन बुलबुल-साळुंक्या तिथं बसतात आणि विष्ठेतून बी पडतं. मोकळ्या जागेत पवन्या, मारवेलसारखं गवत लावलं नाही तर रानतुळस येते आणि गावकरी म्हणतात, एक गेली नि दुसरी आली. पहिल्या वर्षीचा पाठिंबा नेमका इथं ओसरतो.

‘उपयोग करा, आपोआप संपेल’ हे मत फार लोकप्रिय आहे. घाणेरीच्या काड्यांचं फर्निचर होतं, जलपर्णीचं खत होतं, सुबाभळीचं लाकूड कागद गिरणीला जातं. उपयोग जरूर करावा, पण धोरण म्हणून त्यावर भिस्त ठेवणं मला धोक्याचं वाटतं. बाजार उभा राहिला की पुरवठा चालू ठेवण्यात लोकांचं हित तयार होतं. शिवाय जलपर्णीत 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे वाहतुकीचा खर्च पाण्यावर होतो. काढून काठावर टाकली तर पावसात ती परत तलावात येते, आणि सांडपाणी येत राहिलं तर उरलेल्या दोन-चार रोपांतूनही तलाव पुन्हा भरतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनं अशा प्रजातींची आयात, व्यापार आणि प्रसार रोखण्याचे अधिकार केंद्राला दिले. व्याख्या मात्र भारताबाहेरून आलेल्यांपुरतीच आहे. अंदमानात नेऊन सोडलेलं चितळ तिथल्या जंगलाला कितीही भारी पडलं तरी या व्याख्येत बसत नाही.

मग विचारायचं कसं? शहरासाठी 400 घरं पुरतात, निवड खरोखर यादृच्छिक असेल तर. चूक पाच टक्क्यांच्या आसपास राहते. फक्त अंबाझरीवर फिरायला येणाऱ्यांना गाठलं तर शेळ्या पाळणारे, सरपण आणणाऱ्या बाया आणि मासेमार सुटतात, आणि निर्णयाची झळ त्यांनाच बसते. त्यांच्याशी वेगळ्या बैठका घ्याव्यात. सुबाभूळ गेल्यावर शेळ्यांच्या पाल्याचं काय, हे त्यांच्याकडूनच कळतं. पाहणीत आधी पाच झाडांचे फोटो दाखवून ओळखायला सांगावं. मग प्रत्येक प्रजातीसाठी हातानं, यंत्रानं, औषधानं, भुंग्यानं की काहीच नको, असे पर्याय खर्चासकट ठेवावेत. ‘माहीत नाही’ हा पर्याय हवाच. निम्म्या लोकांना प्रश्न उलट्या क्रमानं विचारले तर उत्तरं प्रश्नांच्या मांडणीनं वळतात का, तेही दिसतं.

हे सगळं हिवाळ्यात उरकावं. गावांत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभेपुढे निष्कर्ष फेब्रुवारीपर्यंत आले, तर हरकतींवर योजना बदलायला वेळ मिळतो आणि गवताच्या बियाण्याची सोय पावसाआधी होते. मे महिन्यात विचारलं तर तोवर मजूर ठरलेले असतात, पैसे वाटले गेलेले असतात, आणि लोकांच्या उत्तरानं काहीच बदलत नाही.