बाप जिवंत आहे, तरी अर्ज करता येतो: बालसंगोपन योजनेच्या फायली नेमक्या कुठे अडतात

"गुर्जी, पोट्ट्याइचा बाप जिता हाये म्हनून फाईल वापस केली म्हन्ते."

खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन एक आजी दोन नातवंडांसह माझ्या ओसरीत आली तेव्हाची ही गोष्ट. मुलांची आई वावरात साप चावून गेली. बाप आठवड्यातले चार दिवस दारूत, उरलेले तीन दिवस कुठे असतो ते कोणालाच ठाऊक नाही. आजी निंदणाला, सरकी डोबायला जाते आणि त्या रोजीवर तिघं जगतात. फाईल उघडली तर झेरॉक्सच्या दुकानात कोणीतरी भरून दिलेला अर्ज, आणि त्यात ठळक अक्षरात ‘मुले अनाथ आहेत’. गृहभेटीला आलेल्या बाईंनी पाहिलं, तर बाप खाटेवर झोपलेला. अर्ज खोटा ठरला, फाईल बंद.

खरं तर आई वारली एवढ्या एका गोष्टीवर ही मुलं पात्र होती. फाईल बापामुळे नव्हे, त्या ‘अनाथ’ शब्दामुळे बुडाली.

मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावातल्या लोकांचे असे अर्ज भरून देतो. पैसे घेत नाही, त्यामुळे गर्दी असते. जिथे लोक वारंवार अडकतात तेवढंच इथे सविस्तर लिहितो.

योजनेचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. 2023 पासून दरमहा 2,250 रुपये, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. मूल संस्थेत न पाठवता घरीच, नात्यागोत्यात वाढावं यासाठी ही मदत आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. मग घरी भेट, चौकशी अहवाल, बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे मुलांच्या प्रकरणांवर आदेश देणाऱ्या समितीसमोर, हजेरी, आदेश आणि शेवटी खात्यात पैसे. फी नाही. ‘साहेबाला द्यावे लागतात’ असं जो सांगेल त्याच्या हाती कागद देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शेवटची तारीख’ टाकून फिरणाऱ्या फॉर्मच्या मागेही धावू नका. आधी कक्षात विचारा.

पात्रता लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे. अनाथ मुलं तर आहेतच. आई किंवा बाप यांपैकी एकच उरलेली मुलं, घटस्फोट झालेल्या, विभक्त राहणाऱ्या किंवा टाकून दिलेल्या बाईची मुलं, कुमारी मातेची मुलं, एचआयव्ही, कुष्ठरोग अशा गंभीर आजाराने पालक अंथरुणाला खिळलेली मुलं, बाप जन्मठेपेत असलेली मुलं, हीसुद्धा येतात. घरातल्या टोकाच्या भांडणतंट्यात होरपळणारी मुलंही बसतात. समिती ज्या कायद्याखाली काम करते तो 2015 चा बाल न्याय कायदा. ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ कोणाला म्हणायचं, हे त्यात दिलं आहे. ज्याच्यासोबत मूल राहतं त्यानेच त्याला मारलं, राबवलं किंवा वाऱ्यावर सोडलं असेल तर ते मूल त्यात येतं. पालक सांभाळायला नालायक किंवा असमर्थ आहे असं समितीला आढळलं, तरीही येतं. बाप जिवंत आहे का, हा प्रश्न त्यात कुठेच पहिला नाही.

म्हणून अर्जात जे आहे ते लिहा. आजीच्या अर्जात आम्ही ते वाक्य खोडून लिहिलं: ‘आई मयत. वडील हयात असून दारूच्या आहारी गेले आहेत, घरी पैसे देत नाहीत, मुलांना मारहाण करतात. मुलांचा सांभाळ मी करते.’ दुसऱ्या भेटीलाही बाप खाटेवरच होता. या वेळी तो अर्जातल्या शब्दांचा पुरावा ठरला.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्न: बाप सांभाळत नाही याचा दाखला कुठे मिळतो? कुठेच नाही. असा दाखलाच नसतो. तरी खिडकीवरचा माणूस ‘तसं लिहून आणा’ म्हणतो आणि बाई तलाठ्यापासून ग्रामसेवकापर्यंत हिंडत बसते. दाखल्यामागे न लागता गावात आधीच पडून असलेले कागद गोळा करा. मी शाळेत होतो म्हणून सांगतो, हजेरीपट फार बोलका असतो. वेचणीच्या दिवसांत दोन-दोन महिने गायब असलेलं मूल, दुपारच्या खिचडीपुरतं शाळेत येणारं मूल. एक मुलगी रोज अर्धी खिचडी डब्यात भरून धाकट्या भावासाठी न्यायची. वर्गशिक्षिकेने ते दैनंदिनीत लिहून ठेवलं होतं आणि पुढे तेच पान कामी आलं. अंगणवाडीत वजनाची नोंद असते, आशाताईला घरातलं माहीत असतं, दवाखान्याची चिठ्ठी असते, पोलीस पाटलाचं पत्र मिळतं. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते आणि सरपंच तिचे अध्यक्ष असतात. पुष्कळ गावांत ती फक्त फलकावर आहे, तरी ठराव मागा. मागितल्याशिवाय ती बसणार नाही.

नवऱ्याने टाकलेल्या बाईची अडचण वेगळी. तिच्याकडे असते ती शंभराच्या स्टॅम्पवर पाच पंचांच्या सह्यांनी केलेली काडीमोड. कोर्टात तिला सहसा घटस्फोट म्हणत नाहीत. म्हणून ती फाडून टाकू नका आणि ‘घटस्फोटित’ असंही लिहू नका. ‘पतीने टाकून दिले, अमुक वर्षापासून माहेरी राहते’ असं लिहा आणि ती काडीमोड सोबत जोडा. नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला आणि पत्ताच नाही, अशी गोष्ट असेल तर पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार द्या आणि तिची प्रत ठेवा. दोन वर्षांनी दिली तरी चालेल. न देण्यापेक्षा ते बरं.

मृत्यूचा दाखला हा दुसरा मोठा खड्डा. माणूस घाटंजीकडचा, विष प्याला, नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात वारला. घरचे ग्रामपंचायतीत दाखला मागतात आणि ‘नोंद नाही’ ऐकून परत येतात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. नोंद 21 दिवसांत विनाशुल्क, तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाच्या लेखी परवानगीने. वर्ष उलटलं तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. घरात दुःख असताना कागदाचं बोलणं वाईट दिसतं. तरी तेराव्याला जाणाऱ्या शहाण्या माणसाने कोपऱ्यात घेऊन एवढं विचारावंच, की नोंद झाली का.

बाकी कागद नेहमीचे: मुलाचं आणि पालकाचं आधार, शिधापत्रिका, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पासबुक. बोनाफाईड आणि आधार यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. घरासमोर पालकासोबत मुलाचा मोठा फोटो लागतो. घरासमोर म्हणजे खरोखर घरासमोर. एका बाईने यष्टीने तालुक्याला जाऊन ताजमहालच्या पडद्यापुढे फोटो काढून आणला होता. दीडशे रुपये आणि एक दिवसाची रोजी गेली. कुडाचं घर दाखवायची लाज वाटली, म्हणाली.

बँकेत आजीला ‘बाप आणा’ म्हणतात. दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावाने बचत खातं उघडू शकतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. त्याहून लहान असेल तर बाल कल्याण समितीचा आदेश हाती आल्यावर शाखा व्यवस्थापकाला भेटा, त्याआधी हेलपाटे मारू नका.

बाल कल्याण समितीपुढे जाताना मुलाला घेऊन जावं लागतं आणि इथेच अर्धे लोक मागे फिरतात. "तेथं गेलं का पोरगं ठिऊन घेते" ही भीती मी घरोघरी ऐकतो. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक बाई. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच सांगतो. गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे. मुलाला काय बोलायचं ते पाठ करून नेऊ नका. घोकलेलं उत्तर त्यांना लगेच कळतं आणि मग खऱ्यावरही शंका येते.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून दरमहा 4,000 रुपये आहेत. त्याला ग्रामीण भागात वर्षाला 72,000 रुपयांची उत्पन्न मर्यादा आहे. एकाच मुलाला दोन्ही मिळत नाहीत. आपलं मूल कशात बसतं ते कक्षात विचारूनच अर्ज करा. दोन्हीकडे टाकून ठेवलेल्या फायली दोन्हीकडे अडतात.

आता एक गोष्ट अर्जाची नाही, पण लोक अर्ज घेऊन येतात म्हणून सांगावी लागते. मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे जुने-नवे वळ आहेत आणि दर वेळी ‘पडला’ सांगतात, मूल घरी जायच्या नावानं थरथरतं, तर उत्पन्नाचा दाखला काढत बसू नका. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर लावा, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. मूल समितीसमोर न्यायचं तर 24 तासांच्या आत न्यावं लागतं. त्या दिवशी समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. ‘सोमवारी या’ हे उत्तर चालत नाही.

आणि लैंगिक अत्याचार असेल, तर तंटामुक्तीच्या बैठकीत तो मिटत नाही. कोणी मिटवू लागला तर त्याला सांगा की पॉक्सो कायद्यात माहिती असून पोलिसांना न कळवणाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. ठाण्यात कोणी बाकावर बसवून ठेवलं, तर हे पाठ असलेलं बरं.

अर्ज नाकारला तर लेखी आदेश आणि कारण मागा. तोंडी नकार म्हणजे काहीच नाही. प्रायोजकत्व किंवा संगोपनाच्या बाबतीत अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, 30 दिवसांत. हे तीस दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात, पाकीट तुमच्या हाती पडलं त्या दिवसापासून नाही. माझ्याकडे लोक बत्तिसाव्या दिवशी येतात. समितीच्या कारभाराविषयी तक्रार असेल तर तीही जिल्हाधिकाऱ्यांकडेच.

मंजुरी मिळाली म्हणून कागद पेटीत टाकू नका. दरवर्षी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी नवा बोनाफाईड लागतो. आजीने आदेशाची झेरॉक्स चुलीमागच्या भिंतीवर चिकटवली होती. धुराने अक्षरं काळी पडली, म्हणून यंदा तारीख बघायला पुन्हा माझ्याकडे आली. मूळ प्रत माझ्या कपाटात ठेवली आहे, आणि धाकट्याच्या आधारात नाव अजून चुकीचंच आहे.