निवडणूक खर्चमर्यादा (भारत)

लोकसभा किंवा विधानसभेच्या उमेदवाराला प्रचारावर जास्तीत जास्त किती खर्च करता येईल, हे ठरवणारी कायदेशीर मर्यादा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम ७७ हा तिचा आधार. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेसाठी ती २५,००० रुपये होती. जानेवारी २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ९५ लाख, तर विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. ऐपत नसलेल्यालाही निवडणूक लढवता यावी, हा तिचा हेतू.

पण ही मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली होती: उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरायचा. निकाल ३ ऑक्टोबरचा. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून तो निष्प्रभ केला आणि पक्षाच्या खर्चाला उमेदवाराच्या हिशेबातून सूट दिली. मर्यादेचा अर्थ जपणारा निकाल इतक्या घाईने पुसला जावा, ही भारतीय लोकशाहीची मोठी हानी होय. २००३ च्या दुरुस्तीने ती सूट आक्रसली, तरी स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च, मग तो हेलिकॉप्टरचा का असेना, उमेदवाराच्या हिशेबाबाहेरच राहिला. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारालाही मर्यादा नाही. त्यामुळे बड्या देणगीदारांचा पैसा पक्षाच्या तिजोरीतून वाट काढतो.

उमेदवाराच्या खर्चावर मात्र बारीक नजर असते. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च स्वतंत्र बँक खात्यातून करावा लागतो. चहा, नाश्ता, मंडप, खुर्च्या, प्रचाराच्या गाड्या यांचे दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात. पथके सभांचे चित्रीकरण करतात. त्यावरून भरलेली ‘छाया नोंदवही’ उमेदवाराच्या हिशेबाशी ताडून पाहिली जाते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. सबळ कारणाशिवाय तो न देणाऱ्याला आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मर्यादा ओलांडणे हे कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे.

मतदारांना वाटलेला पैसा कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. एप्रिल २०१९ मध्ये तामिळनाडूतील वेल्लूर लोकसभा मतदारसंघात मोठी रोकड सापडल्यावर तिथली निवडणूक रद्द करावी लागली. मतदान अखेर ५ ऑगस्टला झाले.